आकाशातून येणारी संकटे आणि माणसाचे अस्तित्व : वाचकांचे प्रश्न

सूर्याच्या 11 वर्षांच्या चक्राविषयी मागील अंकात एक टिपण प्रसिद्ध झाले होते. सध्याचे 25 वे सौरचक्र 2024 मध्ये शिखराजवळ पोहोचले आणि त्याच वर्षी 10 व 11 मे रोजी गेल्या दोन दशकांतील सर्वांत तीव्र भूचुंबकीय वादळ (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील खळबळ) झाले, एवढेच त्यात सांगितले होते. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर मात्र बराच पुढे गेलेला आहे. बहुतेकांना सौर वादळापासून लघुग्रहापर्यंत आणि तेथून थेट कृष्णविवरापर्यंत सर्व संकटांची एकदम उत्तरे हवी आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांपैकी काहींची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : एखाद्या प्रचंड सौर वादळामुळे मानवजात नष्ट होईल, असे वारंवार वाचनात येते. हे खरोखर शक्य आहे का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी)

उत्तर : आजवर ज्यांचे पुरावे मिळाले आहेत त्या सौर वादळांपुरते बोलायचे तर नाही. सूर्यावर उद्रेक झाला की तीन वेगवेगळ्या गोष्टी आपल्या दिशेने येऊ शकतात आणि बातम्यांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते. पहिली गोष्ट म्हणजे सौरज्वालेतून निघणारे क्ष-किरण आणि अतिनील किरण. ते प्रकाशाच्याच वेगाने, म्हणजे 8 मिनिटे 20 सेकंदांत येथे पोहोचतात आणि वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषले जातात. दुसरी म्हणजे अतिशय वेगवान प्रोटॉन व इतर कणांचा झोत, जो काही मिनिटांपासून काही तासांत येतो. तिसरी म्हणजे कोरोनल मास इजेक्शन, अर्थात सूर्याच्या प्रभामंडलातून सुटलेला, स्वतःचे चुंबकीय क्षेत्र बरोबर घेऊन निघालेला प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित वायूचा अवाढव्य लोट. हा लोट सहसा एक ते तीन दिवसांत आणि क्वचित 15 ते 18 तासांतच पृथ्वीपर्यंत येतो. भूचुंबकीय वादळ निर्माण होते ते मुख्यतः या तिसऱ्या प्रकारामुळे.

जमिनीवरील माणसाला या तिन्हींपासून संरक्षण आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणांना वळवते हे सर्वांना ठाऊक असते. पण खरी जाड भिंत हवेची आहे, याकडे दुर्लक्ष होते. दर चौरस मीटर जमिनीवर सुमारे 10 टन हवा आहे आणि किरणोत्सार अडवण्याच्या दृष्टीने ती 10 मीटर जाडीच्या पाण्याच्या थराची बरोबरी करते.

याचा एक ऐतिहासिक पुरावाही आहे. जपानी संशोधक फुसा मियाके यांना देवदाराच्या झाडांच्या वार्षिक वलयांत इ. स. 774–775 या काळात कार्बन-14 चे (अवकाशातून येणारे वेगवान कण हवेवर आदळून तयार होणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचे) प्रमाण एकाएकी वाढल्याचे आढळले आणि 2012 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. ध्रुवीय हिमस्तरांतील, अशाच माऱ्यातून तयार होणाऱ्या बेरिलियम-10 आणि क्लोरिन-36 यांच्या नोंदी त्याला जुळल्या. सूर्याकडून आलेल्या कणांचा तो मारा आधुनिक उपकरणांनी नोंदवलेल्या कोणत्याही माऱ्यापेक्षा कित्येक पटींनी मोठा होता, असे आता मानले जाते. अशी आणखी एक घटना इ. स. 993–994 च्या सुमारास घडली. फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातील प्राचीन पाइन वृक्षांच्या अवशेषांवरून 14,300 वर्षांपूर्वीची, याहूनही मोठी घटना 2023 मध्ये उजेडात आली. या तिन्ही वेळी पृथ्वीवर माणसे होती. शेती करणारी, राज्ये चालवणारी किंवा शिकारीवर जगणारी ती माणसे या माऱ्यातून निभावली. त्या काळी विजेच्या तारा नव्हत्या, एवढाच महत्त्वाचा फरक आहे आणि पुढील प्रश्न त्याविषयीच आहे.

प्रश्न : 1859 चे सौर वादळ आज आले तर नेमके काय होईल? वीज कायमची जाईल का? (वीज क्षेत्रातून निवृत्त झालेले एक वाचक)

उत्तर : आधी 1859 मध्ये काय झाले ते पाहू. 1 सप्टेंबर रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौरडागांचे रेखाटन करत असताना एका डागसमूहावर त्यांना लख्ख पांढरा प्रकाश दिसला. तो काही मिनिटांतच मावळला. रिचर्ड हॉजसन यांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ सुरू झाले. ध्रुवीय प्रकाश थेट कॅरिबियन समुद्राच्या प्रदेशात दिसला, तारायंत्रांच्या तारांत नको तेवढा प्रवाह वाहू लागला आणि काही ठिकाणी तारबाबूंनी बॅटरी काढून केवळ त्या आयत्या प्रवाहावर संदेश पाठवले. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज घटकात सुमारे 1,600 नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) इतकी घट नोंदली गेली आणि त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे संशोधक आजही ही नोंद वापरतात. हा आकडा एकाच ठिकाणचा आहे, हे मात्र विसरू नये. मार्च 1989 च्या वादळासाठी दिला जाणारा 589 नॅनोटेस्ला हा आकडा अनेक वेधशाळांची सरासरी काढून आलेला आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘तिप्पट मोठे वादळ’ असा निष्कर्ष काढणारे लेख वाचले की वाईट वाटते.

आता विजेकडे वळू. भूचुंबकीय वादळात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र झपाट्याने बदलते आणि त्यामुळे जमिनीत विद्युत क्षेत्र निर्माण होते. त्याची तीव्रता दर किलोमीटरला जेमतेम काही व्होल्ट असते. हा आकडा क्षुल्लक वाटेल, पण शेकडो किलोमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना जमिनीशी जोडलेल्या उच्चदाब वाहिनीत तो साठत जातो आणि रोहित्रांच्या (ट्रान्सफॉर्मरच्या) न्यूट्रलमधून, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या टोकातून, जवळजवळ एकदिश प्रवाह वाहू लागतो. प्रत्यावर्ती प्रवाहासाठी घडवलेल्या रोहित्राला तो सोसत नाही. त्याचा गाभा प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात चुंबकीयदृष्ट्या संपृक्त होतो, आतील भाग तापतात, हार्मोनिक्स (प्रवाहाच्या लहरीतील विकृती) वाढतात आणि ग्रिडमधून, म्हणजे वीज जाळ्यातून, प्रतिक्रियात्मक शक्तीची (प्रत्यक्ष काम न करणाऱ्या, पण व्होल्टेज टिकवण्यास लागणाऱ्या शक्तीची) प्रचंड ओढ सुरू होते. आपण या क्षेत्रात काम केलेले असल्यामुळे पुढचे चित्र सहज डोळ्यांसमोर येईल.

13 मार्च 1989 रोजी पहाटे कॅनडाच्या क्युबेक प्रांतात हेच घडले. व्होल्टेज सावरणारी साधने हार्मोनिक्समुळे एकामागून एक बंद पडली आणि साधारण दीड मिनिटात संपूर्ण प्रांताचे वीज जाळे कोसळले. सुमारे 60 लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. तेथील कठीण, वीज न वाहणारा प्राचीन खडक आणि उत्तरेकडून येणाऱ्या लांबच लांब वाहिन्या या दोन्हींमुळे संकट वाढले. त्याच वादळात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या सेलम अणुवीज केंद्रातील एक मोठे रोहित्र निकामी झाले. पुढे 30 ऑक्टोबर 2003 रोजी स्वीडनमधील माल्मो शहराची वीज साधारण तासभर गेली होती.

तेव्हा ‘वीज कायमची जाईल’ हे म्हणणे अतिरंजित आहे. ग्रिड स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडले, तर काही तासांत किंवा दिवसांत ते पुन्हा उभे राहते, आणि काही अंशी असे बंद पडणे हिताचेच असते, कारण त्यामुळे रोहित्रे जळण्यापासून वाचतात. खरी चिंता आहे ती एकाच वेळी अनेक मोठी रोहित्रे निकामी होण्याची. अशी रोहित्रे मागणीनुसार तयार केली जातात, एकेकाचे वजन शेकडो टन असू शकते आणि नवे रोहित्र मिळायला एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. नुकसान किती होईल याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. काहींच्या मते व्होल्टेज आधीच कोसळेल आणि रोहित्रे शाबूत राहतील, तर काही जण अनेक महिन्यांच्या अंधाराची शक्यता नाकारत नाहीत. माझा कल पहिल्या मताकडे आहे, तथापि सुटी रोहित्रे साठ्यात ठेवण्याचा खर्च दुसरे मत खरे ठरेल असे धरूनच केला पाहिजे.

प्रश्न : सूर्य इंटरनेट बंद पाडणार आणि सगळे मोबाइल जळणार, असे व्हिडिओ पाहून माझा बारा वर्षांचा मुलगा रात्री झोपत नाही. त्याला काय सांगावे? (एक आई)

उत्तर : त्याला प्रथम हे सांगा की मोबाइल जळणार नाही. वर सांगितलेला प्रवाह निर्माण होण्यासाठी शेकडो किलोमीटर लांबीचा वाहक लागतो आणि हातातल्या उपकरणात तेवढी लांबी कोठून येणार? घरातील दिवे, संगणक, मोटारी यांनाही वादळाचा थेट धोका नसतो.

इंटरनेटबाबत उत्तर थोडे मोठे आहे. समुद्राखालील केबलमधील प्रकाशतंतू काचेचे असतात आणि त्यांना भूचुंबकीय प्रवाहाचे काहीही वाटत नाही. परंतु संदेश क्षीण होऊ नये म्हणून केबलवर ठरावीक अंतराने रिपीटर बसवलेले असतात आणि त्यांना वीज पुरवणारा धातूचा वाहक केबलच्या संपूर्ण लांबीतून जातो. फार मोठ्या वादळात या वीजपुरवठ्यावर ताण येऊ शकतो. मार्च 1989 मध्ये अटलांटिक महासागराखालील अशा केबलमध्ये जादा व्होल्टेज नोंदले गेले होते, पण केबल चालू राहिली. त्याला हेही सांगता येईल की मे 2024 चे वादळ चालू असताना, इतरांप्रमाणे त्यानेही कदाचित इंटरनेटवरच ध्रुवीय प्रकाशाची छायाचित्रे पाहिली असतील. तो बारा वर्षांचा आहे, त्यामुळे ‘काही होत नाही, झोप’ या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही. सूर्याच्या रोजच्या प्रतिमा अनेक अंतराळ मोहिमा सर्वांसाठी खुल्या ठेवतात. त्या त्याच्याबरोबर बसून पाहा आणि त्यातले डाग मोजायला लावा.

प्रश्न : असे वादळ येत आहे हे आपल्याला किती आधी कळते?

उत्तर : उद्रेक झाल्याचे जवळजवळ लगेच कळते. 1995 मध्ये सोडलेले सोहो यान आणि त्यानंतरची अनेक याने सूर्यावर सतत नजर ठेवून आहेत, आणि सप्टेंबर 2023 मध्ये निघालेले भारताचे आदित्य-एल1 जानेवारी 2024 पासून त्यांच्या रांगेत आहे. लोटाचा वेग व दिशा पाहून तो येथे कधी पोहोचेल याचा काही तासांच्या फरकाने अंदाज बांधता येतो.

अडचण आहे ती लोटाच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेची. हे क्षेत्र दक्षिणेकडे रोखलेले असेल तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडले जाते आणि ऊर्जेचा ओघ आत शिरतो. ते उत्तरेकडे असेल तर तेवढाच वेगवान लोट फारशी हानी न करता निघून जातो. ही दिशा दुरून खात्रीने ओळखण्याची पद्धत अजून हाती आलेली नाही. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे 15 लाख किलोमीटरवर असलेल्या एल-1 बिंदूवरील यानावरून लोट जातो तेव्हाच ती मोजता येते. सेकंदाला 800 किलोमीटर वेगाने येणाऱ्या लोटाला तेथून पृथ्वी गाठायला साधारण अर्धा तास लागतो आणि अतिवेगवान लोटाला जेमतेम 12 ते 15 मिनिटे. म्हणजे संकट येत असल्याची कुणकुण एक-दोन दिवस आधी लागते, पण ते किती मोठे आहे हे दारात आल्यावर कळते. वीज केंद्राच्या नियंत्रण कक्षातील अधिकाऱ्याने एवढ्यावर कोट्यवधी लोकांचा पुरवठा कमी करण्याचा निर्णय घ्यायचा असतो.

23 जुलै 2012 रोजी सूर्यावरून असाच एक अतिवेगवान लोट सुटला. तो पृथ्वीच्या दिशेने आला नाही, मात्र स्टीरिओ-ए हे सूर्याचा अभ्यास करणारे यान त्याच्या वाटेत असल्याने त्याची मोजमापे मिळाली आणि त्यावरून हा लोट 1859 च्या तोडीचा होता असा निष्कर्ष निघाला. सुमारे एक आठवडा आधी हा उद्रेक झाला असता तर सूर्यावरील तो सक्रिय भाग पृथ्वीसमोर असता.

लहान वादळेही सोडून देण्यासारखी नसतात. फेब्रुवारी 2022 मध्ये अगदी मामुली भूचुंबकीय वादळामुळे वरचे वातावरण तापून फुगले, हवेचा रोध वाढला आणि नुकत्याच सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांपैकी सुमारे 40 पुन्हा खाली येऊन जळाले. त्याहून गंभीर प्रकार 23 मे 1967 चा. सौर उद्रेकामुळे अमेरिकेची क्षेपणास्त्रांची पूर्वसूचना देणारी रडारे निकामी झाली आणि शत्रूने ती मुद्दाम बंद पाडली असावीत, असा संशय क्षणभर बळावला. सौर हवामानाची माहिती देणाऱ्या लष्करी पथकाने सूर्याकडे बोट दाखवले म्हणून ते प्रकरण तेथेच थांबले. मानवजातीच्या अस्तित्वाला सूर्याने आधुनिक काळात खरोखर धक्का लावण्याची वेळ आली असेल तर ती कदाचित हीच होती, आणि तीसुद्धा माणसांनी उभारलेल्या शस्त्रांच्या मार्फत.

प्रश्न : अंतराळवीरांचे आणि विमानप्रवाशांचे काय?

उत्तर : अंतराळवीरांना धोका खरा आहे. ऑगस्ट 1972 मध्ये आलेला कणांचा मारा अपोलो-16 (एप्रिल) आणि अपोलो-17 (डिसेंबर) या मोहिमांच्या मधल्या काळात आला, म्हणून निभावले. चंद्रावर केवळ अंतराळपोशाखात असलेला माणूस त्याने गंभीर आजारी पडला असता. विमानप्रवाशांना मिळणारी जादा मात्रा सहसा किरकोळ असते. तरीही मोठ्या वादळात ध्रुवीय मार्गांवरील विमाने दुसऱ्या मार्गाने नेली जातात. त्यामागे रेडिओ संपर्क तुटण्याचे कारण किरणोत्साराइतकेच महत्त्वाचे असते.

प्रश्न : डायनोसॉर ज्याने संपले तसा लघुग्रह पुन्हा आला तर? 2024 वायआर4 या लघुग्रहाची टक्कर होण्याची शक्यता आधी वाढत गेली आणि मग अचानक शून्यावर आली. आपल्यापासून काही लपवले जात आहे का? (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : लपवले काहीच गेले नाही. उलट सगळे आकडे रोजच्या रोज उघड केले गेले, म्हणूनच तो चढउतार आपल्याला दिसला. हा लघुग्रह 27 डिसेंबर 2024 रोजी, पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाल्यावर सापडला. सुरुवातीला निरीक्षणे थोडी असल्याने 22 डिसेंबर 2032 रोजी तो कोठे असेल याचा अंदाज लांबच लांब पट्ट्याएवढा सैल होता आणि त्या पट्ट्यात पृथ्वीही येत होती. निरीक्षणे वाढली तसा पट्टा आखूड होत गेला. जोवर पृथ्वी त्या पट्ट्यात होती तोवर उरलेल्या लांबीत तिचा वाटा वाढत होता. घरात हरवलेली अंगठी शोधताना एकेक खोली पाहून होते तसतशी ती शेवटच्या खोलीत असण्याची शक्यता वाढत जाते आणि तीही खोली धुंडाळली की एकदम शून्य होते, तसाच हा प्रकार आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये ही शक्यता 3.1 टक्क्यांपर्यंत चढली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस पृथ्वी पट्ट्याबाहेर पडल्यामुळे ती नगण्य ठरली. पुढच्या वेळी अशी बातमी आली की आकडा वाढतो आहे एवढ्यावरून घाबरू नये. सुमारे 60 मीटर आकाराचा तो दगड पडला असता तरी एखाद्या शहरापुरता अनर्थ झाला असता. मानवजातीच्या अस्तित्वाचा प्रश्न तेथे कधीच नव्हता.

अस्तित्वाचा प्रश्न उभा करणारे लघुग्रह फार मोठे असतात. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोच्या युकाटान द्वीपकल्पावर आदळलेला लघुग्रह साधारण 10 किलोमीटर व्यासाचा होता आणि त्याने सुमारे 180 किलोमीटर रुंदीचे चिक्शुलुब विवर निर्माण केले. जीवसृष्टीचा संहार मुख्यतः नंतरच्या काळोखाने केला. काजळी, धूळ आणि गंधकयुक्त कणांनी सूर्यप्रकाश अडवला, तापमान कोसळले आणि वनस्पतींपासून सुरू होणारी अन्नसाखळी तुटली. अशा टकरी साधारण 10 कोटी वर्षांत एखादी, या हिशेबाने येत्या शतकात ती होण्याची शक्यता 10 लाखांत एक इतकी येते. प्रत्यक्षात ती याहूनही कमी आहे, कारण पृथ्वीजवळच्या कक्षांतील एक किलोमीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी 90 टक्क्यांहून अधिक सापडले आहेत आणि त्यांतील एकही येत्या शतकात धडकण्याच्या मार्गावर नाही.

काळजी वाटते ती मधल्या आकाराची. 140 मीटरहून मोठ्या लघुग्रहांची संख्या सुमारे 25,000 असावी आणि त्यांपैकी निम्म्याहून कमी आजवर सापडले आहेत. 30 जून 1908 रोजी सैबेरियातील तुंगुस्का भागात सुमारे 50 मीटर आकाराचा पिंड हवेतच फुटून 2,000 चौरस किलोमीटरहून अधिक जंगल आडवे झाले. 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियाच्या चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे 20 मीटरचा अशनी फुटला आणि जवळपास 1,500 लोक जखमी झाले, बहुतेक जण फुटलेल्या खिडक्यांच्या काचांनी. झगमगाट पाहून लोक खिडकीशी धावले आणि आघाततरंग नंतर पोहोचला. आकाशात असा लखलखाट दिसला तर काचेपासून दूर जावे, ही सूचना शाळाशाळांतून द्यायला हरकत नाही. तो अशनी सूर्याच्या दिशेने आला असल्यामुळे जमिनीवरील कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. हीच उणीव भरून काढण्यासाठी अवरक्त किरणांत पाहणाऱ्या निओ सर्व्हेयर या अंतराळ दुर्बिणीची तयारी चालू आहे.

आकाशातील सर्व संकटांत हे एकच असे आहे की जे आपण टाळू शकतो. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचे डार्ट यान दुसऱ्या, मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या सुमारे 160 मीटरच्या डायमॉर्फोस या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ 11 तास 55 मिनिटांवरून सुमारे अर्ध्या तासाने घटला. धडकेचा परिणाम जवळून मोजण्यासाठी युरोपचे हेरा यान ऑक्टोबर 2024 मध्ये निघाले. मात्र टोला वेळेवर बसला पाहिजे. लघुग्रहाचा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरने बदलला तर 10 वर्षांत तो 3,000 किलोमीटरहून अधिक सरकतो, पण एका महिन्यात जेमतेम 26 किलोमीटर. म्हणून माझ्या मते पैसा प्रथम शोधमोहिमांवर खर्च व्हावा.

प्रश्न : मृग नक्षत्रातील काक्षी (बीटलज्यूज) ताऱ्याचा स्फोट झाला, किंवा गॅमा किरणांचा झोत आला, तर?

उत्तर : काक्षीचा अतिनवताऱ्यासारखा (सुपरनोव्हा, म्हणजे आयुष्याच्या अखेरीस होणारा ताऱ्याचा महाकाय) स्फोट होणार हे नक्की, आणि तो उद्याही होऊ शकतो किंवा एक लाख वर्षांनीही. 2019 च्या अखेरीस तो मंद झाला तेव्हा फार चर्चा झाली, परंतु त्याने बाहेर टाकलेल्या धुळीमुळे तसे झाल्याचे नंतर दिसून आले. तो आपल्यापासून 500 ते 700 प्रकाशवर्षे दूर आहे. ओझोन थराची गंभीर हानी होण्यासाठी स्फोट काही दशक प्रकाशवर्षांच्या आत व्हावा लागतो आणि तेवढ्या अंतरात स्फोटाच्या उंबरठ्यावरचा एकही तारा नाही. काक्षी फुटला तर तो काही महिने दिवसाही दिसेल आणि खगोलप्रेमी रजा टाकतील, यापलीकडे फारसे काही होणार नाही.

जवळपासच्या अतिनवताऱ्यांच्या खुणा पृथ्वीवर आहेत. महासागरांच्या तळाशी लोह-60 हे किरणोत्सारी समस्थानिक सापडते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 26 लाख वर्षे असल्याने पृथ्वीच्या जन्माच्या वेळचे लोह-60 आज शिल्लक राहणे शक्य नाही. ते बाहेरूनच आले असले पाहिजे. साधारण 20 ते 30 लाख वर्षांपूर्वी शेकडो प्रकाशवर्षांच्या आत फुटलेल्या ताऱ्याची ती राख आहे. तेव्हा आपले पूर्वज आफ्रिकेत वावरत होते आणि त्यांचा वंश पुढे चालूच राहिला.

गॅमा किरणांच्या स्फोटांबद्दल एवढेच सांगतो की 9 ऑक्टोबर 2022 रोजी नोंदलेला, आजवरचा सर्वांत तेजस्वी स्फोट सुमारे 240 कोटी प्रकाशवर्षांवरचा होता, तरीही पृथ्वीच्या आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरात) त्याने मोजता येईल इतकी खळबळ केली. असा स्फोट आपल्याच दीर्घिकेत, तोही नेमका आपल्या रोखाने झाला तर ओझोन थर मोठ्या प्रमाणात नष्ट होईल. हे फार दुर्मीळ आहे, आणि त्यावर कोणताही उपाय नसल्यामुळे त्याची चिंता करत बसण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटणार आहेत म्हणतात. मग संरक्षण संपेल ना?

उत्तर : ध्रुवांची शेवटची पूर्ण उलथापालथ सुमारे 7 लाख 80 हजार वर्षांपूर्वी झाली. सुमारे 41,000 वर्षांपूर्वी एक अल्पकाळाची उलटही होऊन गेली आणि त्या वेळी क्षेत्र आजच्या तुलनेत फारच दुबळे झाले होते. दोन्ही वेळा जीवसृष्टीचा संहार झाल्याचे जीवाश्मांत दिसत नाही. ही प्रक्रिया शेकडो ते हजारो वर्षे चालते. तेवढा काळ उपग्रहांना आणि वीज जाळ्यांना मात्र आजच्यापेक्षा अधिक त्रास होईल.

प्रश्न : सूर्य एक दिवस पृथ्वीला गिळणारच आहे. आज युद्धे आणि उपासमार समोर असताना या दूरच्या संकटांवर पैसा का घालवायचा?

उत्तर : सूर्य तांबडा राक्षसी तारा होण्यास सुमारे 500 कोटी वर्षे आहेत. त्याआधी, साधारण 100 कोटी वर्षांत त्याची तेजस्विता सुमारे 10 टक्क्यांनी वाढून पृथ्वीवरचे पाणी टिकणे कठीण होईल. यासाठी आज एक पैसाही खर्च करू नये, याबाबत मी आपल्याशी सहमत आहे.

तथापि इतर संकटांचा हिशेब वेगळा आहे. आधुनिक मानव सुमारे 3 लाख वर्षांपासून, म्हणजे 3,000 शतके येथे आहे. नैसर्गिक संकटाने तो नामशेष होण्याची शक्यता दर शतकाला एक टक्का जरी असती, तरी इतकी शतके टिकून राहणे गणिताच्या दृष्टीने जवळजवळ अशक्य होते. तेव्हा आकाशाकडून मानवजातीच्या संपूर्ण नाशाचा धोका फारच कमी आहे, असे विश्वासाने म्हणता येते. पण हा दिलासा माणसाच्या शरीरापुरता आहे, त्याच्या आजच्या व्यवस्थेला तो लागू होत नाही. विजेवर उभ्या असलेल्या समाजाला जेमतेम दीड शतक झाले आहे आणि त्याने 1859 च्या तोडीचे वादळ अजून सोसलेले नाही. पाणी उपसणारे पंप, औषधांची शीतगृहे, रुग्णालये, बँका, आणि उपग्रहांकडून अचूक वेळ घेणारी दूरसंचार केंद्रे यांची कसोटी अजून लागायची आहे. डिसेंबर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सूर्यासारख्या सुमारे 56,000 ताऱ्यांच्या अभ्यासात असे तारे सरासरी शंभर वर्षांतून एकदा महाज्वाला, म्हणजे नेहमीपेक्षा कित्येक पट मोठी ज्वाला फेकतात असे आढळले. आपला सूर्यही तसाच वागतो की नाही हे ठरायचे आहे आणि झाडांच्या वलयांतील तुरळक नोंदी पाहता त्याचा स्वभाव अधिक शांत असावा, असे मला वाटते.

शिवाय आपण मांडलेली निवड खरी नाही. रोहित्रांच्या न्यूट्रलमध्ये एकदिश प्रवाह अडवणारी साधने बसवणे, सुटी रोहित्रे साठवणे, आणि रुग्णालये व पाणीपुरवठा यांना काही दिवस पुरेल एवढी स्वतंत्र वीज देणे, हे उपाय भूकंप, महापूर आणि युद्ध यांतही तितकेच उपयोगी पडतात. क्युबेकमध्ये 1989 नंतर संरक्षक यंत्रणांची जुळणी बदलली गेली आणि लांब वाहिन्यांवर एकदिश प्रवाह अडवणारे मालिका-कपॅसिटर बसवले गेले.

प्रश्न : सामान्य कुटुंबाने घरात काय तयारी ठेवावी?

उत्तर : वीज चार-पाच दिवस नसेल असे धरून पिण्याचे पाणी, न शिजवता खाता येईल असे अन्न, नेहमीची औषधे, थोडी रोख रक्कम, विजेरी आणि बॅटरीवर चालणारा रेडिओ ठेवावा. ऑक्सिजन यंत्र किंवा शीतपेटीत ठेवायचे इन्सुलिन यांसारख्या, विजेवर अवलंबून असलेल्या उपचारांवर घरात कोणी असेल, तर वीज नसताना काय करायचे हे डॉक्टरांना आजच विचारून लिहून ठेवावे. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांकही कागदावर उतरवून घ्यावेत. सौर वादळाचा इशारा मिळाल्यावर मोबाइल धातूच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा तो पूर्ण चार्ज करून ठेवावा.